असेगाई: नांव, शस्त्र व शाकाची आख्यायिका

दक्षिण आफ्रिकेंतील बंटू भाषा बोलणाऱ्या लोकांच्या भाल्यास यूरोपीय ग्रंथांत 'असेगाई' म्हटलेलें आढळतें व शस्त्रसंग्रहांच्या याद्यांतहि तोच शब्द रूढ झाला आहे. परंतु हा शब्द बंटू नव्हे. मूळचा बर्बर भाषेंतील हा शब्द अरबींतून पोर्तुगीजांत 'अझगाया' या रूपानें आला आणि पुढें यूरोपीयांनीं तो दक्षिणेकडील भाल्यांस सरसकट लाविला. स्वतः झुलू लोक भाल्यास 'उम्खोंतो', सोथो लोक 'लेरुमो' व शोना लोक 'प्फुमो' म्हणतात.

नांव एक झाल्यानें दोन भिन्न शस्त्रें एकत्र गणलीं गेलीं. एक फेंकण्याचा भाला. याचा दांडा लांब व बारीक, पातें लहान. दुसरा भोसकण्याचा, याचें पातें रुंद व सुमारें एक फूट लांब, दांडा आंखूड. यास झुलू भाषेंत 'इक्ल्वा' म्हणतात. आपल्याकडील विटा व सांग यांस एकच समजावें, तशीच ही चूक होय. दोहोंच्या जडणींत मात्र साम्य आहे. पात्याचें निमुळतें शेपूट दांड्यांत बसवून सांध्यावर ओलें कातडें आवळीत. तें वाळलें म्हणजे सांधा घट्ट होई.

इक्ल्वा हा शाका राजानें (राज्यकाल सुमारें १८१६ ते १८२८) शोधून काढला, असें पुष्कळ ठिकाणीं लिहिलेलें असतें. या विधानाचा आधार तपासला पाहिजे. शाकास प्रत्यक्ष पाहिलेल्यांपैकीं आयझॅक्स व फिन या दोन इंग्रज व्यापाऱ्यांच्या लेखनावर पुढील ग्रंथकारांची मुख्य भिस्त आहे. आयझॅक्सचा ग्रंथ १८३६ सालीं निघाला. पण झुलू राजे होतील तितके रक्तपिपासु रंगवावे, म्हणजे ग्रंथ खपेल, असा सल्ला त्यानें १८३२ सालीं फिन यास पत्रानें दिला होता. फिनची मूळ टिपणें नष्ट झालीं. १९५० सालीं 'रोजनिशी' म्हणून छापलेला मजकूर पुष्कळसा मागाहून आठवणीनें लिहिलेला आहे. जेम्स स्टुअर्टनें सुमारें १८९७ ते १९२२ या काळांत वृद्ध झुलूंच्या तोंडून टिपून घेतलेल्या हकीकती १९७६ पासून प्रसिद्ध होऊं लागल्या, म्हणून आतां ही तुलना शक्य झाली आहे.

आमच्या मतें शाकाकडे शोधाचें श्रेय न देतां, हातघाईची लढाई व तिचें हें शस्त्र यांस त्यानें सैन्यांत प्राधान्य दिलें, एवढेंच म्हणणें युक्त होय. तसेंच फेंकण्याचे भालेहि नाहींसे झाले नाहींत. इसांडल्वाना येथें २२ जानेवारी १८७९ रोजीं इंग्रजांचा पराभव झाला, तेव्हां झुलूंजवळ दोन्ही प्रकारचे भाले व बंदुकाहि होत्या.

सबब, संग्राहकांनीं केवळ 'असेगाई' असें न नोंदवितां पात्याची व दांड्याची लांबी, देशी नांव आणि वस्तु कोठून व केव्हां मिळाली हें अवश्य लिहावें. नुसत्या नांवावरून इतिहास सिद्ध होत नाहीं.