सोल्डरिंग गन घेताना व्होल्टेज विचारात घ्या

बीडजवळच्या पालीत घरी रेडिओ किंवा एलईडी दिवा दुरुस्त करायचा, तर 25 वॅटची साधी सोल्डरिंग गन पुरेल असं दुकानदार सांगतो. सर्किट बोर्डासाठी ते बरोबरच आहे. 60 टक्के कथिल आणि 40 टक्के शिसं असलेली तार 183 अंशांना वितळू लागते. पण खेड्यात व्होल्टेज घसरतं! 230 चं 180 झालं, की 25 वॅटची गन जेमतेम 15 वॅट देते, कारण शक्ती व्होल्टेजच्या वर्गानुसार घटते. मग डाख कच्चा बसतो. म्हणून तापमान नियंत्रणाची, 60 वॅटची, तीन पिनांची गन घ्या. तापमान 330 अंशांच्या आसपास ठेवा. शिशाची तार हाताळल्यावर हात साबणाने धुवाच.