दहा दिवसांचा शेक

विट्याच्या एसटी स्टँडपासून थोडं चाललं की एका इमारतीच्या तळमजल्यावर फिजिओथेरपीचं क्लिनिक लागतं. वरच्या मजल्याचं भाडं कमी होतं, पण जिना चढून येणार कोण? इथले निम्म्याहून जास्त पेशंट साठीच्या पुढचे.

मी तिथं तीन सकाळी बसलो. मायणीकडची गाडी आली की बाकडी भरतात. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट 2022 पासून एसटी फुकट, पासष्टीपुढच्यांना आणि सगळ्या बायकांना अर्धं तिकीट. डॉक्टरबाई हसून म्हणाल्या, "दारापर्यंत सरकार आणून सोडतं. पुढचं त्यांचं त्यांनी बघायचं."

पहिले आबा. चाळीस वर्षं यंत्रमागावर उभं राहून काम केलेलं. "मणक्यात गॅप पडलाय," हे निदान ते स्वतःच सांगतात. चपला काढणं, स्टुलावर पाय, खाटेवर कुशीवर वळणं यातच सात-आठ मिनिटं गेली. मग पंधरा मिनिटं गरम शेक, चार रबरी पॅड लावून "करंट", आणि नंतर हात. बाईंचा अंगठा मणक्याच्या कडेनं हळूहळू खाली सरकतो. आबा कण्हले की थांबतो, परत तिथूनच सुरू होतो. त्यानंतर व्यायाम. गुडघा पोटाशी घ्यायचा, सोडायचा.

तरुण पेशंट पंचवीस मिनिटांत मोकळा होतो, आबांना पाऊण तास लागतो. फी दोघांनाही अडीचशे. धंद्याच्या हिशेबानं म्हातारा पेशंट तोट्याचाच.

आणि आबांच्या बाजूचा हिशेब? दहा दिवसांचे अडीच हजार. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला मिळतात पंधराशे. त्यामुळं बहुतेक जण चौथ्या-पाचव्या दिवशी "बरं वाटतंय" म्हणून थांबतात आणि दोन महिन्यांनी तीच कंबर घेऊन परत येतात. तोवर पहिल्या खेपेचा खर्चही पाण्यात गेलेला असतो.

सरकारी मदत नाही असं नाही. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला आयुष्मान भारतचं पाच लाखांचं कवच आहे, पण त्यासाठी दवाखान्यात दाखल व्हावं लागतं. रोज येऊन शेक घेऊन जाणाऱ्याला त्यातला रुपयाही लागू होत नाही. वयोश्री योजनेतून काठी, कंबरपट्टा, गुडघ्याचा पट्टा यांसाठी एकदा तीन हजार मिळतात. पट्ट्याला पैसे आहेत. तो किती घट्ट बांधायचा, कधी सोडायचा हे शिकवणाऱ्याच्या वेळेला नाहीत.

एका आजोबांच्या नातवानं मोबाईलवर परदेशी कायरोप्रॅक्टरचा व्हिडिओ दाखवला. मान पिरगाळली, कट्‌ आवाज, माणूस हसत उठला. "असं एका झटक्यात करा की, मॅडम." बाईंनी मान हलवली. या वयात हाडं ठिसूळ असतात, झटक्यानं भलतंच मोडायचं. आमच्या भागात तालमीतले वस्ताद आणि हाडवैद्य पिढ्यान्‌पिढ्या सांधे बसवत आले, म्हणून झटक्यावर लोकांचा विश्वास फार. मला वाटतं, त्यात स्वस्ताईचाही वाटा असावा: एकच खेप, एकदाच पैसे. व्हिडिओतल्या त्या विद्येची, कायरोप्रॅक्टिकची, सुरुवात अमेरिकेत 1895 साली डी. डी. पामर यांनी डॅव्हनपोर्ट गावात केली. तिथल्या वृद्धांच्या सरकारी विम्यात, मेडिकेअरमध्ये, ती 1972 च्या कायद्यानं आली, पण फक्त हातानं मणका बसवण्यापुरती. कायरोप्रॅक्टरनं सांगितलेल्या एक्स-रेचे पैसे तिथंही पेशंटच भरतो.

एका आजींचा मुलगा केरळात गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यात. भिंतीवरच्या क्यूआर कोडचा फोटो व्हॉट्सॲपवर गेला, पैसे आले, पाठोपाठ फोनही. "अजून किती दिवस, मॅडम? गोळ्या नाहीत का याला?" आजी कानाशी हात धरून ऐकत होत्या. फोन बंद झाल्यावर म्हणाल्या, "उद्या येऊ नको म्हणला का?"

तिसऱ्या सकाळी आबा खाटेवर न चढता उभेच राहिले. "उद्यापासनं घरीच करतो व्यायाम." बाई म्हणाल्या, "करून दाखवा बरं." आबांनी गुडघा उचलला आणि श्वास रोखून धरला. चुकलं. मग खाटेवर आडवं करून अर्धा तास तेवढंच शिकवणं चाललं, श्वास मोजत. फीच्या वहीत आबांच्या नावापुढं त्या दिवशी काही लिहिलं नाही. बाहेर कंबर धरून बसलेल्या एका तरुणानं दोनदा घड्याळ बघितलं, आणि उठून गेला.