सलग साम्याचा शोध

उत्तरपत्रिका तपासताना शिक्षकांना कधी कधी शंका येते. तीन विद्यार्थ्यांच्या उत्तरांत बारा-पंधरा शब्द जसेच्या तसे, त्याच क्रमाने आलेले असतात. ‘यावरून असे दिसते की’ एवढेच जुळले असते, तर आपण लक्षही दिले नसते. म्हणजे साम्य सलग किती लांब आहे, याला महत्त्व आहे. असे साम्य संगणक कसे शोधतो?

सोयीसाठी शब्दांऐवजी अंक घेऊ.

क : ७ २ ५ ९ ४ १
ख : ३ २ ५ ९ ८ ४
ग : ५ ९ ४ २ ५ ९

तिन्ही याद्यांत येणारा सर्वांत लांब सलग तुकडा शोधून पाहा. उत्तर आहे २ ५ ९. ‘ख’मध्ये २, ५, ९, ४ हे चारही अंक याच क्रमाने आहेत, पण मध्ये ८ आल्यामुळे तो तुकडा सलग राहत नाही.

येथे एक चूक सहज होते. आधी ‘क’ आणि ‘ग’ यांची तुलना केली आणि ५ ९ ४ हा तुकडा हाती घेतला, तर तो ‘ख’मध्ये सापडत नाही, आणि तिघांत लांब साम्य नाहीच, असा चुकीचा निष्कर्ष निघतो. म्हणून सर्व याद्यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

सरळ उपाय म्हणजे ‘क’चे सर्व सलग तुकडे पाडून प्रत्येक तुकडा इतर याद्यांत शोधणे. सहा अंकांचे २१ तुकडे होतात. पण हजार अंकांचे होतात ५,००,५०० !

येथे एक साधी गोष्ट मदतीला येते. तीन अंकांचा तुकडा सामाईक असेल, तर त्याच्या पोटातले दोन अंकी तुकडेही सामाईक असणारच. उलट, चार अंकी तुकडा सामाईक नसेल, तर पाच-सहा अंकी शोधायलाच नको. म्हणून आधी मधली लांबी तपासावी. लांबी ३ धरली, तर ‘क’चे तुकडे ७२५, २५९, ५९४, ९४१, ‘ख’चे ३२५, २५९, ५९८, ९८४, आणि ‘ग’चे ५९४, ९४२, ४२५, २५९. तिन्हींत २५९ आहे. आता ५ तपासा, नाही. मग ४, तेही नाही. उत्तर ३. दर वेळी उरलेल्या शक्यता निम्म्या होत असल्याने हजार अंकांच्या याद्यांनाही अशा सुमारे दहाच फेऱ्या पुरतात.

याहूनही वेगवान रीत १९७३ साली पीटर वायनर यांनी मांडली. यादीच्या प्रत्येक स्थानापासून शेवटपर्यंतचे सर्व तुकडे एकाच झाडाच्या फांद्यांवर बसवायचे. याला ‘सफिक्स ट्री’ म्हणतात. याद्यांच्या एकूण लांबीच्या प्रमाणातच वेळ लागेल अशी रीत शक्य नाही, असा अंदाज डोनाल्ड नुथ यांनी १९७० मध्ये व्यक्त केला होता. तो चुकीचा ठरला.

डीएनए हीदेखील चार अक्षरांची लांबलचक यादीच. माणसाच्या एका डीएनए संचात ती सुमारे ३०० कोटी अक्षरांची आहे. दहा अक्षरांचे तुकडे चारचा दहावा घात, म्हणजे १०,४८,५७६ प्रकारचे होऊ शकतात. अक्षरे कशीही विखुरलेली मानली, तर एखादा ठरावीक तुकडा एवढ्या यादीत केवळ योगायोगाने सुमारे तीन हजार वेळा येईल. म्हणून आखूड साम्य काहीच सांगत नाही. पण २००४ साली माणूस, उंदीर आणि घूस-वर्गीय रॅट यांच्या डीएनएतील परस्परसंबंधित भागांत २०० अक्षरांपेक्षा लांब आणि एकाही अक्षराचा फरक नसलेले ४८१ तुकडे सापडले. हा योगायोग नव्हे. हा समान पूर्वजांचा वारसा आहे.

मग हे तुकडे जगण्यासाठी अत्यावश्यकच असणार? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे चार तुकडे वेगवेगळ्या उंदरांतून काढून टाकले. उंदीर जगले आणि त्यांना पिल्लेही झाली. तुकडा का टिकला, हे नुसत्या साम्यावरून कळत नाही.

उत्तरपत्रिकांचेही तसेच आहे. लांब सलग साम्य दिसले, तर उगम एक आहे, एवढे म्हणता येते. कोणी कोणाचे पाहिले, हे त्यातून ठरत नाही. कदाचित तिघांनीही पाठ्यपुस्तकातला तोच परिच्छेद पाठ केला असेल ! शिक्षा करण्यापूर्वी चौथी यादी म्हणून पुस्तकही तपासून पाहावे.