राज्याबाहेर शिकायला जायचंय? फी नंतर विचारा, आधी बघा कोणती सवलत सुटते

मागच्या आठवड्यात एका श्रोतीचा व्हॉइस मेसेज आला. आपल्या सक्करदऱ्याचीच आहे, बुधवार बाजाराच्या मागे घर. नागपूर विद्यापीठात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आसपास. ती म्हणते, "दादा, मला हैदराबादच्या सेंट्रल युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर घ्यायचीय. पण बाबा म्हणतात, बाहेरच्या राज्यातली फी आपल्याला झेपणार नाही. खरंय का?"

मी पण सक्करदऱ्याचा आणि बी.टेक. दुसऱ्या राज्यात केलेलं. त्यामुळे हा प्रश्न जवळचा आहे. आज त्यावरच बोलू.

बाहेरच्यांना फी जास्त असते का?

अमेरिकेत असते. तिथल्या सरकारी विद्यापीठांत दुसऱ्या राज्यातून आलेल्या मुलाला बऱ्याचदा दुप्पट-तिप्पट फी पडते. आपल्याकडे केंद्र सरकारच्या संस्थांमध्ये तसं नाही. आपल्या व्हीएनआयटीचंच बघा. एनआयटीत निम्म्या जागा त्या राज्यातल्या मुलांना आणि निम्म्या बाहेरच्यांना असतात. पण बिहारचा मुलगा असो की मानेवाड्याचा, ट्यूशन फी एकच. केंद्रीय विद्यापीठांतही तुमचं राज्य कोणतं यावरून फी बदलत नाही. राज्य सरकारांच्या विद्यापीठांचं मात्र वेगळं असू शकतं. तिथे स्थानिकांना बऱ्याच जागा राखीव असतात, त्यामुळे त्यांचं माहितीपत्रक वाचल्याशिवाय गृहीत धरू नका.

म्हणजे बाबांची भीती चुकीची? अर्धीच. फी वाढत नाही, पण फीमागचा आधार बदलतो. खरा हिशोब तिथे आहे.

नागपूर सोडलं की काय सुटतं?

राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता या महाडीबीटीवरच्या योजना महाराष्ट्रातल्या प्रवेशासाठी आहेत. २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली, तीही राज्यातल्याच कॉलेजांत. इंजिनिअरिंगची मुलगी राज्याबाहेर गेली, तर इथली शंभर टक्के माफी ती इथेच सोडून जाते. तिकडची फी कमी दिसली तरी आधी हे वजा करा.

दुसरी गोष्ट प्रवर्गाची. एसईबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी हे आपल्या राज्याचे प्रवर्ग आहेत, केंद्राच्या प्रवेशात ते नाहीत. तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते तपासा. असेल तर नॉन-क्रिमीलेअर दाखला केंद्राच्या नमुन्यात काढावा लागतो, राज्याचा चालत नाही. केंद्राच्या ईडब्ल्यूएसचा दाखलाही वेगळा असतो.

सोबत काय येतं?

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांची केंद्र पुरस्कृत पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती सोबत येते. उत्पन्न मर्यादा अडीच लाख. तुम्ही शिकायला कुठेही गेलात तरी ती देण्याची जबाबदारी तुमच्या मूळ राज्याची असते. फक्त बाहेरच्या कॉलेजातून अर्ज कसा करायचा, हे निघण्याआधी समाजकल्याण कार्यालयात जाऊन विचारून घ्या.

केंद्राची पीएम-यूएसपी शिष्यवृत्तीही राज्याला बांधलेली नाही. बारावीत आपल्या बोर्डात ८० पर्सेंटाइलच्या वर आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल, तर पदवीची पहिली तीन वर्षं १२ हजार आणि पदव्युत्तरला २० हजार रुपये वर्षाला. अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर करायचा.

मग कर्ज. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांसाठी तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं, आणि केंद्र सरकारच्या संस्था त्यात येतात. उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि दुसरी सरकारी शिष्यवृत्ती नसेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षण सुरू असताना आणि त्यानंतर एक वर्ष ३ टक्के व्याज-सवलत मिळू शकते. पण लक्षात ठेवा, सवलत व्याजात आहे. मुद्दल आपल्यालाच फेडायचंय.

माझी चूक ऐका

मी २०१६ च्या बॅचचा. त्याच वर्षी एनआयटीची ट्यूशन फी वर्षाला ७० हजारांवरून १ लाख २५ हजार झाली. बाबांनी तो आकडा बघितला आणि जेवता जेवता हात थांबला त्यांचा. मग कळलं की त्याच निर्णयात सवलतही आहे. उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तर ट्यूशन फी पूर्ण माफ, १ ते ५ लाखांत असेल तर दोन तृतीयांश माफ. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना पूर्ण माफ. आम्ही मधल्या गटात. म्हणजे सव्वा लाखाचे झाले जवळपास ४१,७००.

पण मी शहाणा, चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखलाच नेला नाही! वाटलं, जुना चालून जाईल. पहिल्या सेमिस्टरचे पूर्ण ६२,५०० भरावे लागले, मामाकडून उसने घेऊन. बाबांनी तहसीलमधून नवा दाखला काढून पाठवला, तेव्हा जास्तीचे पैसे पुढच्या सेमिस्टरला वळते झाले. तोवर मामांचा फोन आला की पोटात गोळा यायचा. म्हणून सांगतो, दाखले आधी काढा, रेल्वेचं तिकीट नंतर.

आता ट्रान्सफरचं

रस्ते तीन. पहिला, मधूनच बदली. यूजीसीने २०२१ मध्ये अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आणली. त्यात तुमचे क्रेडिट्स डिजिटल खात्यात जमा राहतात आणि दुसऱ्या संस्थेत वापरता येऊ शकतात. पण क्रेडिट्स जमा असले म्हणून सीट मिळतेच असं नाही. समोरच्या विद्यापीठाने मधल्या वर्षात प्रवेश उघडला पाहिजे, विषय जुळले पाहिजेत. शिवाय नियमानुसार किमान ५० टक्के क्रेडिट्स जे विद्यापीठ पदवी देणार तिथलेच हवेत. त्यामुळे फक्त याच्या भरवशावर नाव काढून घेऊ नका, बाप्पा!

दुसरा, सीयूईटी देऊन पहिल्या वर्षापासून सुरुवात. २०२२ पासून ही परीक्षा आहे, मराठीतूनही देता येते. पण झालेली वर्षं जातात आणि तेवढ्या वर्षांचा राहण्या-खाण्याचा खर्च वाढतो.

तिसरा, इथली पदवी पूर्ण करून सीयूईटी-पीजीने एम.एस्सी.ला जाणं. एकही वर्ष वाया जात नाही. घरून शिकल्यामुळे वाचलेले पैसे हैदराबादच्या दोन वर्षांना कामी येतात. मायग्रेशन सर्टिफिकेट मात्र विद्यापीठातून वेळेत काढा.

ताई, तुझ्यासाठी मी तिसरा रस्ता धरीन. तू अर्ध्यावर आलीच आहेस. आज रात्री वहीत दोन रकाने कर. एकात नागपूर, दुसऱ्यात हैदराबाद. फी, होस्टेल, मेस, वर्षातून दोनदा येणं-जाणं लिही, आणि खाली कोणती सवलत सुटते, कोणती मिळते ते लिही. मग ती वही बाबांसमोर ठेव. "झेपणार नाही" हे आकडे न बघता बोललेलं वाक्य आहे. आकडे बघूनही ते तेच म्हणाले, तर त्यांचं ऐक. पण आधी त्यांना बघू दे.

तुमच्यापैकी कोणी असा हिशोब करत असेल, तर व्हॉइस मेसेज पाठवा. भेटू पुढच्या भागात!