लाल बटण किती वेळा दाबायचं?

दोस्तांनो, परीक्षा म्हटलं की पोटात गोळा येतो ना? इतिहासातल्या सनावळ्या, भूगोलातले नकाशे, गणितातली वर्गमुळं! ‘हे सगळं पुढे कुठे कामाला येणार?’ असं तुम्ही घरी कितीदा तरी विचारलं असेल. म्हणून आज एका वेगळ्याच परीक्षेची ओळख करून घेऊ. या परीक्षेच्या अभ्यासातला एक प्रश्न अगदी साधा आहे. बर्नर बंद पडला, तर त्यावरचं लाल बटण किती वेळा दाबायचं?

उत्तर लेखाच्या शेवटी सांगणार नाही हं, मध्येच सांगणार आहे. नीट वाचा!

तळघरातली टाकी

अमेरिकेच्या ईशान्येला मेन, मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, न्यूयॉर्क ही राज्यं आहेत. तुमच्यापैकी काहींचे काका, मावशी, आत्या तिकडे राहत असतील. त्यांना विचारा, तिथला हिवाळा कसा असतो ते! पारा दिवसचे दिवस शून्याच्या खाली. घर तापवलं नाही, तर माणसं गारठतातच, पण नळाच्या पाइपांतलं पाणीही गोठतं आणि पाइप फुटतात.

अमेरिकेत सुमारे ५० लाख घरं तेल जाळून ऊब मिळवतात आणि त्यातली बहुतेक याच भागात आहेत. तळघरात किंवा घराबाहेर तेलाची टाकी असते. नेहमीच्या टाकीचं माप २७५ गॅलन, म्हणजे जवळजवळ १०४० लिटर. हे तेल डिझेलचं सख्खं भावंडच. पण त्यात लाल रंग घालतात. का? घर तापवायच्या तेलावर रस्त्याचा कर नसतो. ते कुणी गुपचूप ट्रकमध्ये भरलं, तर रंगावरून चोरी पकडता येते!

हे तेल जाळणारं यंत्र म्हणजे बर्नर. त्याची देखभाल-दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञांसाठी ‘नोरा’ नावाची संस्था ब्राँझ, सिल्व्हर आणि गोल्ड अशी पायरीपायरीची प्रमाणपत्रं देते. मॅसॅच्युसेट्स राज्यात तर हे काम करणाऱ्याला राज्याच्या अग्निशमन सेवा खात्याकडून प्रमाणपत्र घ्यावंच लागतं. परीक्षेवर अग्निशमनवाल्यांचं लक्ष! यावरूनच ओळखा, चूक केवढ्याला पडत असेल ते.

आजीचा स्टो आणि हा बर्नर

अभ्यासाचा पहिला धडा असा : तेल जळत नाही, तेलाची वाफ जळते. पटत नाही? आजीला तिच्या पितळी स्टोबद्दल विचारा. ती हवा भरायची, वरचा भाग तापू द्यायची, मग रॉकेलची वाफ बारीक भोकातून बाहेर यायची आणि निळी ज्योत फरफर आवाज करत पेटायची.

घर तापवणाऱ्या बर्नरमध्ये हवा हाताने भरत नाहीत. मोटरवरचा पंप तेलावर दर चौरस इंचाला १०० पौंड किंवा त्याहून जास्त दाब देतो. मोटारीच्या टायरमध्ये साधारण ३० पौंड असतो, म्हणजे त्याच्या तिपटीहून अधिक! हे तेल नॉझलच्या बारीक भोकातून धुक्यासारखं फवारलं जातं. पंखा हवा देतो. समोरच्या दोन इलेक्ट्रोडमध्ये १०,००० व्होल्ट किंवा त्याहून जास्त दाबाची ठिणगी पडते. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची असते, हे लक्षात घ्या. इंधन, हवा, ठिणगी तिन्ही एकत्र आले की ज्योत पेटते.

पण एक गंमत आहे. भोक तुंबलं की आजी स्टोला पिन मारायची. इथे मात्र नॉझलला पिन मारायची नाही! आतल्या बारीक खाचांना जरासा ओरखडा गेला, तरी फवारा तिरपा होतो आणि ज्योत बिघडते. म्हणून जुना नॉझल काढून नवाच बसवायचा.

वर्गमूळ कामाला आलं!

आता वही-पेन्सिल घ्या. नॉझलवर ०.८५ असा आकडा आहे. त्याचा अर्थ, १०० पौंड दाबाला तासाला ०.८५ गॅलन तेल जाणार. पंप मात्र १४० पौंडांवर लावलेला आहे. मग तेल किती जाईल?

‘दाब १.४ पट, म्हणून तेलही १.४ पट,’ असं घाईत लिहिलंत ना? उत्तर येईल १.१९ गॅलन. चूक! तेलाचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. १.४ चं वर्गमूळ सुमारे १.१८. आता ०.८५ गुणिले १.१८, म्हणजे जवळजवळ १ गॅलन. हे बरोबर!

समजा, बॉयलरला तासाला ०.८५ गॅलनच तेल हवं आहे आणि तंत्रज्ञाने हा हिशोब केलाच नाही. मग तेल जास्त, हवा कमी. ज्योत धूर ओकणार, काजळी साचणार. वर्गमूळ विसरल्याची शिक्षा अशी घरमालकाला भोगावी लागते.

डोळा आणि लाल बटण

बर्नरला एक डोळासुद्धा असतो. तो कॅडमियम सल्फाइडचा बनलेला असतो. अंधारात त्याचा विद्युत रोध खूप मोठा असतो आणि ज्योतीचा उजेड पडला की एकदम कमी होतो. संध्याकाळी आपोआप लागणाऱ्या दिव्यांतही अशाच जातीचा डोळा वापरतात. विज्ञान प्रदर्शनात तुमच्यापैकी कुणी तो पाहिलाही असेल.

बर्नर सुरू झाला आणि ठरलेल्या वेळात डोळ्याला ज्योत दिसली नाही, तर नियंत्रक सगळं बंद करतो. जुन्या नियंत्रकांत ही वेळ ४५ सेकंदांची असे, नव्या बऱ्याच नियंत्रकांत ती १५ सेकंदांवर आली आहे. पुन्हा सुरू करायला असतं ते लाल बटण.

आता चित्र डोळ्यांपुढे आणा. मध्यरात्र. बाहेर बर्फ. घर थंडगार. घरातलं कुणीतरी तळघरात उतरतं आणि बटण दाबतं. पेटलं नाही. पुन्हा दाबतं. पुन्हा! प्रत्येक वेळी न जळलेलं तेल आत साचत जातं. आणि सातव्या-आठव्या वेळी ठिणगी पडलीच, तर? साचलेलं सगळं तेल एकदम पेट घेतं. धडाका होतो, घरभर काजळी उडते, कधी आगही लागते.

म्हणून उत्तर आहे – एकदाच! नाही पेटलं, तर हात मागे घ्यायचा आणि तंत्रज्ञाला बोलवायचं. आल्यावर तंत्रज्ञानेही लगेच बटण दाबायचं नाही. आधी विचारायचं, ‘बटण किती वेळा दाबलंत?’ मग आत तेल साचलंय का, ते पाहायचं.

अंदाज नको, माप हवं

‘ज्योत छान पिवळीधमक दिसतेय, म्हणजे झालं काम!’ असं म्हणणारा या परीक्षेत नापास. धुराड्यातल्या वायूचा नमुना हातपंपाने, दहा वेळा ओढून, पांढऱ्या गाळणकागदातून घ्यायचा. कागदावर पडलेला डाग ० ते ९ अशा पट्टीशी ताडून पाहायचा. ० म्हणजे कागद कोरा, ९ म्हणजे काळाकुट्ट. आपल्याकडे पीयूसी केंद्रात डिझेल गाडीचा धूर मोजतात, त्यातलाच हा प्रकार. शिवाय धुराड्याची ओढ, वायूचं तापमान, ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड हेही मोजायचं.

हवा कमी पडली तर काजळी. हवा फार झाली तर ऊब धुराड्यातून बाहेर! दोन्हींच्या मधली जागा डोळ्यांना दिसत नाही, ती उपकरणच दाखवतं. आणि कार्बन मोनॉक्साइड तर रंग नसलेला, वास नसलेला वायू. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते आणि झोपलेला माणूस कदाचित उठतच नाही.

अभ्यास कसा करायचा?

या परीक्षेला बसणारे थर्मोस्टॅटपासून ज्योतीपर्यंतचा क्रम पाढ्यासारखा म्हणून पाहतात : खोली गार झाली, थर्मोस्टॅटने हाक दिली, मोटर फिरली, ठिणगी पडली, तेल फवारलं, डोळ्याने ज्योत पाहिली. पण नुसतं पाठ करून भागत नाही. प्रत्येक पायरीला ‘हे झालंच नाही, तर काय होईल?’ असं विचारावं लागतं. विजेच्या तारांची आकृती पुस्तक मिटून, स्वतःच्या हाताने काढावी लागते. जुना बर्नर खोलून पुन्हा जोडावा लागतो. आणि एकदा पास झालं म्हणजे कायमची सुट्टी, असंही नाही. नोराच्या प्रमाणपत्राचं पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, कारण यंत्रं बदलतात, तेलही बदलतं. आता त्यात बायोडिझेलही मिसळू लागले आहेत.

पाहिलंत ना? गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र सगळे एका तळघरात भेटले! आपल्याकडे आयटीआयमध्ये शिकणाऱ्या ताई-दादांचा अभ्यासही असाच हात आणि डोकं दोन्ही मागणारा असतो. शाळेच्या परीक्षेत अंदाजाने ठोकलेलं उत्तर एक मार्क घालवतं. इथे त्या उत्तरावर वरच्या मजल्यावर झोपलेल्या कुटुंबाचा जीव अवलंबून असतो.

आणि हो, हे सगळं फक्त बर्फाच्या देशासाठी नाही. आपल्याकडेही बंद न्हाणीघरातला गॅस गिझर किंवा दारं-खिडक्या लावून पेटवलेली कोळशाची शेगडी हाच वायू सोडते. तेव्हा आज संध्याकाळी आई-बाबांबरोबर एक छोटी परीक्षा घ्या. गिझर न्हाणीघराच्या आत आहे का? हवा यायला झरोका उघडा आहे का? त्याची शेवटची तपासणी कधी झाली?

उत्तर अंदाजाने देऊ नका हं. उठा आणि पाहून या!