नावापुरतं रबर

आजचा विषय गॅरेजातला आहे, पण त्याच्या पोटात एक जुना तात्त्विक प्रश्न आहे. ॲरिस्टॉटलचं म्हणणं असं, की ज्या डोळ्याला दिसत नाही तो नावापुरताच डोळा, पुतळ्याच्या डोळ्यासारखा. रबराचंही तसंच आहे बघा. दाबलं की दबायचं आणि सोडलं की मूळ आकारात यायचं, हे त्याचं काम. ते थांबलं की आकार उरतो, नाव उरतं, काम उरत नाही.

उदाहरणादाखल आपण यामाहा आरएक्स १०० घेऊ. ही टू-स्ट्रोक गाडी १९८५ साली आपल्याकडे आली आणि १९९६ पर्यंत बनत होती. वडिलांची म्हणून, हौस म्हणून अनेकांनी ती जपली आहे. इंजिन चालू होतं, रंग चकचकीत असतो, पण रबर मात्र लाकडासारखं झालेलं असतं.

ते कडक का होतं? झाडाचा चीक म्हणजे लांबलांब रेणूंचा गुंता. चार्ल्स गुडइयरने १८३९ साली त्यात गंधक घालून उष्णता दिली, तेव्हा रेणूंमध्ये गंधकाचे पूल तयार झाले आणि रबर टिकाऊ झालं. कृत्रिम रबरांतही असेच पूल बांधावे लागतात. पूल मोजके असतील तोवर लवचीकपणा राहतो. पुढे उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन मिळून आणखी पूल बांधत जातात, मऊपणासाठी घातलेली तेलं उडून जातात, आणि रबर आखडतं. काही रबर उलट चिकट होतं, पण मोटरसायकलीवर आपल्याला बहुधा कडकपणाच भेटतो. ओझोनचं काम वेगळं: ताणलेल्या रबराला तो बारीक भेगा पाडतो, आणि त्या ताणाला आडव्या असतात.

इथे एक गैरसमज दूर करू. ‘गाडी उभीच होती, वापरलीच नाही, म्हणजे टायर नवेच!’ असं आपण म्हणतो. टायरमध्ये ओझोनपासून बचाव करणारं मेण घातलेलं असतं. टायर फिरताना, वाकताना ते पृष्ठभागावर येत राहतं. उभ्या गाडीत ते नीट घडत नाही. म्हणून नक्षी किती उरली एवढंच पाहू नका, टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा. २३१४ म्हणजे २०१४ सालचा २३वा आठवडा. कडक टायर ओल्या रस्त्यावर पकड सोडतो, मग नक्षी कितीही खोल असो.

आता मुख्य प्रश्न. कडक रबर पुन्हा मऊ करता येतं का? विंटरग्रीन तेल आणि झायलिन यांच्या मिश्रणात भाग बुडवून ठेवण्याचा उपाय बरेच जण करतात. विंटरग्रीनमधलं मिथाइल सॅलिसिलेट आपल्याला सांधेदुखीच्या मलमांतून ओळखीचं आहे. हे द्रव रेणूंच्या मध्ये शिरतात, रबर थोडं फुगतं, मऊ लागतं. पण वाढलेले पूल तुटत नाहीत आणि भेगा बुजत नाहीत. द्रव उडाला की कडकपणा परत येतो. शिवाय झायलिन पेट घेतं, त्याची वाफ बाधते आणि हे तेल पोटात गेलं तर विषारी आहे. हातमोजे घाला, उघड्या जागेत काम करा, मुलांपासून लांब ठेवा. रॉकेल, पेट्रोल, इंजिन ऑइल चोळण्याच्या फंदात तर पडूच नका. नैसर्गिक रबर त्यानं फुगून कमकुवत होतं.

मग ठरवायचं कसं? आपण एकच प्रश्न विचारू: हा भाग निकामी झाला तर काय होईल?

टाकीखालचे रबर, फूटरेस्टचे रबर निकामी झाले तर गाडी थरथरेल, पाय घसरेल. मूळ भाग जपायचा असेल तर इथे मऊ करण्याचा प्रयोग चालेल. एअर फिल्टरची नळी चढत नसेल आणि तिला भेग नसेल, तर गरम पाण्यात ठेवली तरी काम भागतं.

पण कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधलं रबर आणि क्रँकचे ऑइल सील यांची गोष्ट गंभीर आहे. इथून जादा हवा आत गेली की मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं, पिस्टन फुगून सिलिंडरमध्ये जाम होतो. चालत्या गाडीचं मागचं चाक एकदम अडकतं. लक्षण ओळखा: ॲक्सिलरेटर सोडला तरी रेस उतरत नाही. इंजिन चालू ठेवून त्या रबरावर साबणाचं पाणी फवारा. आवाज बदलला तर हवा आत जाते आहे. क्रँकचे सील मात्र आत असतात, ते असे तपासता येत नाहीत. ते मेकॅनिककडूनच पाहून घ्या. हे दोन्ही भाग, पेट्रोलचा पाइप आणि टायर सरळ बदला. डिस्क ब्रेकची गाडी असेल तर ब्रेकचे सील आणि होजही याच यादीत.

‘इतकं बदललं तर ती वडिलांची गाडी राहील का?’ नागसेनाने मिलिंद राजाला रथाबद्दल विचारलं होतं: चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? एकेक भाग धरून रथ सापडत नाही. वडिलांनीही टायर बदललेच होते ना? ती गाडी त्यांची होती, कारण ते ती चालवत होते. काढलेलं जुनं रबर हवं तर डबीत ठेवा. रस्त्यावर मात्र जे काम करतं तेच लावा.