'पिंजरा' की 'सामना'?

सत्तरच्या दशकातला आवडता मराठी चित्रपट कोणता, असं पारावर विचारून बघा. जुनी मंडळी 'पिंजरा'चं (१९७२) नाव घेतील. जत्रेच्या तंबूत बघितलेला, लावण्या अजून तोंडपाठ! शांतारामबापूंचा थाटच तो.

आमचं मत मात्र 'सामना'ला. तेंडुलकरांनी लिहिलेला, जब्बार पटेलांनी काढलेला. १९७५ मध्ये तो बर्लिनच्या महोत्सवात गेला, पण माती ऊसपट्ट्यातलीच. दोन्हीकडे मास्तर डॉ. लागूच. 'पिंजरा'तला मास्तर तमाशातल्या चंद्रकलेच्या नादी लागतो. 'सामना'तला दारुडा मास्तर साखरसम्राट हिंदुरावाला, म्हणजे निळू फुल्यांना, गायब झालेल्या मारुती कांबळेचा जाब विचारतो. तेही त्याच्याच घरचं खाऊन! चेअरमनच्या वाड्यावर असा प्रश्न आपल्यापैकी कोणी विचारलाय?